दहापैकी तीन

४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी सांगितलंय की मनातलं लिहून काढा, म्हणजे दुखणं कमी होईल. म्हणून ही वही. माझं दुखतं ओटीपोटात आणि उपचार चाललाय उजव्या हाताने. जखम मांडीला आणि मलम शेंडीला ही म्हण ज्याने कुणी केली, तो आमच्याच डॉक्टरांकडे जात असणार.

हे तिसरे. पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लग्न झालं की थांबेल. दुसरे म्हणाले, वजन कमी करा, आणि मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, नाही, वाढवा. हे तिसरे बरेच मोठे आहेत. त्यांच्याकडे बाहेर माशांची काचपेटी आहे आणि तिचा पंप सतत घुर्र करतो. तो आवाज माझ्या दातांत शिरतो. बाकीच्या पेशंट बायका शांतपणे मासे बघत बसल्या होत्या. त्यांना बहुतेक दात नसावेत.

सोनोग्राफीचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "तुमचं सगळं छान आहे." मला विचारायचं होतं की मग छान वस्तू इतकी का ठणकते. पण मोठ्या माणसांना उलट प्रश्न विचारायचे नसतात, ते आईने लहानपणीच पक्कं करून घेतलंय.

मग त्यांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतं? दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं सगळ्यात जास्त. मी डोळे मिटून प्रामाणिकपणे कल्पना केली. माझी कल्पनाशक्ती चांगली आहे. जिवंत जळणं म्हणजे दहा. यंत्रात हात जाणं नऊ. त्या हिशेबाने माझं तीन होतं. तीन सांगितलं. त्यांनी लिहिलं, 'सौम्य'. निदान एक गोष्ट तरी अचूक नोंदवली गेली याचं मला बरं वाटलं.

६ फेब्रुवारी

कामावर आज फिकट करड्या रंगाची बॅच तिसऱ्यांदा परत आली. रंगाच्या कारखान्यात माझं काम एवढंच: गिऱ्हाइकाने पाठवलेली नमुन्याची पट्टी आणि आमच्या टाकीतला रंग हुबेहूब जुळतोय का ते सांगणं. यंत्र म्हणत होतं जुळतोय. मी म्हटलं, पिवळा किंचित जास्त आहे. साहेब म्हणाले, "यंत्राला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं?" मी म्हटलं, हो. यात चिडण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. शेवटी गिऱ्हाइकाने फोन करून सांगितलं की पिवळा जास्त आहे.

माझ्या पाठीमागे सगळे मला फूटपट्टी म्हणतात. अचूकपणाचं कौतुक कुणाला नाही आवडणार?

दुपारी सुरू झालं. उजवीकडे खाली, आत, कुणीतरी ओलं फडकं पिळत बसल्यासारखं. पूर्वी महिन्यातले ते चार दिवस होते, आता बाकीच्या दिवसांनाही त्यांची संगत लागलीय. बसलं की वाढतं, म्हणून मागच्या गोदामात जाऊन ड्रमच्या आड फरशीवर पालथी पडते. तिथे नवीन ट्यूबलाइट लावलेत, ते गुणगुणतात. इतरांना ऐकू येत नाही म्हणे.

गोदामात कुणीतरी एक मोठा पुठ्ठा फरशीवर पसरून ठेवला होता. मी त्याची घडी घालून कोपऱ्यात ठेवली. लोकांना शिस्त म्हणून नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

धाकटा भाऊ आणि भावजय आले होते. मागच्या वर्षी त्यांनी आईला सोफा आणून दिला. आई त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. "अहो आई, बसा ना त्यावर," भावजय दर वेळी म्हणते. आई दर वेळी म्हणते, "मला मेलीला सवय नाही," आणि स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून उभी राहते. तिला तसंच आवडतं. मलाही उभंच राहायला आवडतं, म्हणून आम्ही दोघी उभ्या आणि पाहुणे सोफ्यावर, असा आमच्याकडे बैठकीचा प्रकार असतो.

जेवताना भावजयीने चुकून आईचं ताट भावाला वाढलं. आईने ते काढून घेतलं. मग माझं ताट भावजयीच्या वाट्याला आलं, तर मी काढून घेतलं. भावजय हसली आणि म्हणाली, "खाण तशी माती." यात हसण्यासारखं काय? ज्याचं त्याचं ताट ठरलेलं असतं. आमच्याकडे सगळं नॉर्मल आहे. आई नव्या कपड्यांची लेबलं आधी कापते मग घालते, मीही कापते. आई चमच्याने पातेलं खरवडू देत नाही, मला तर तो आवाज सहनच होत नाही. आम्ही एकमेकींना कधी काही समजावून सांगत नाही. गरजच पडत नाही.

डॉक्टरांचा विषय निघाला. भावजय म्हणाली, "ताई, अहो दुखतं सगळ्यांनाच. तुम्ही जरा मनाला लावून घेता." आई भांडी आवरत म्हणाली, "मला काय कमी दुखलं? मी गेले होते कुणाला सांगायला?" हा आमच्या घरातला शेवटचा शब्द असतो.

ते गेल्यावर आई नेहमीसारखी मोरीजवळच्या फरशीवर पालथी पडली. पाठीला गार वाटतं म्हणते. पालथं पडल्यावर पाठीला गार कसं वाटेल, हे मी कधी विचारलेलं नाही.

१० फेब्रुवारी

पुठ्ठा परत पसरलेला. परत घडी घातली.

१५ फेब्रुवारी

रोज मरे त्याला कोण रडे. आज एवढंच.

२० फेब्रुवारी

साहेबांनी बैठक बोलावली. मी खिडकीशी उभी राहिले. साहेब म्हणाले, "बसा." मी म्हटलं, नको. ते म्हणाले, "राग आलाय का कशाचा?" मी म्हटलं, नाही. "मग बसा." मी म्हटलं, नको. सगळे कागदात बघायला लागले. बैठकीनंतर साहेबांनी थांबवून विचारलं, "सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक. कारण 'ठीक ना?' या प्रश्नाला 'ठीक' हेच उत्तर असतं. खरं उत्तर देऊन समोरच्याची पंचाईत करू नये हेही आईचंच. साहेब म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यावरून काही कळतच नाही हो." हे मला शाळेपासून सगळे सांगत आलेत. चेहऱ्याचं काय करायचं ते मात्र कुणी सांगत नाही.

मग साहेब म्हणाले की पुढच्या महिन्यापासून मला रंगविभागाची प्रमुख करायचा विचार आहे, पण प्रमुखाला दिवसभर बैठकांना बसावं लागतं, जमेल का? मला ते काम हवंय. वर्षानुवर्षं चुकीचे रंग डोळ्यांदेखत बाहेर जाताना बघितलेत मी. पण प्रमुख व्हायची पात्रता म्हणजे बूड टेकवता येणं, हे मला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत सांगते म्हटलं.

दुपारी, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, तो आला. हा टाक्यांवर रंग मिसळतो आणि यंत्राच्या आवाजाची सवय झाल्यामुळे सगळीकडे ओरडूनच बोलतो. त्याचा आवाज मला सोसत नाही म्हणून मी त्याच्यापासून लांब राहते. आज मात्र तो हळू बोलत होता, म्हणजे नुसतंच मोठ्याने. "मॅडम, रागावू नका. माझी बायको पण दोन वर्षं अशीच पुठ्ठ्यावर पडायची. एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी तिला उठवलं. नंबर देऊ का?"

त्याच्या बायकोने पुठ्ठ्यावर का पडावं, घरात गादी नाही का, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण लोकांच्या घरच्या गोष्टी विचारू नयेत. नंबर घेतला.

२२ फेब्रुवारी

ठरवलंय. ही चौथी आणि शेवटची. हिनेही 'सगळं छान आहे' म्हटलं तर मग ते छानच असणार. चार शिकलेली माणसं चुकीची आणि मी एकटी बरोबर, असं रंगाच्या बाबतीत होऊ शकतं, पोटाच्या बाबतीत नाही. मग मी साहेबांना नको म्हणून सांगणार, ही वही रद्दीत देणार, आणि आईसारखं कुणाला काही सांगणार नाही. आईने काढलाच ना जन्म?

हे लिहिल्यावर रडू आलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाचा हा परिणाम असेल तर औषध लागू पडतंय.

२७ फेब्रुवारी

उद्याची तयारी. ड्रेसला कडक इस्त्री केली. डॉक्टरकडे गबाळं जाऊ नये. आरशासमोर वाक्यं म्हणून पाहिली, "नमस्कार डॉक्टर, मला अधूनमधून ओटीपोटात दुखतं." हे म्हणताना थोडं हसायचं. डोळ्यांत बघायला जमत नाही, म्हणून दोन भुवयांच्या मध्ये बघायचं. समोरच्याला फरक कळत नाही. मागच्या तिन्ही वेळा एकही चूक झाली नव्हती.

आई म्हणाली, मीही येते. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "तू तिथे काहीतरीच बोलशील." मी तिला वाक्यं म्हणून दाखवली. तिने 'अधूनमधून' हा शब्द चांगला आहे म्हणून सांगितलं.

२८ फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते, कारण अजून मला त्याचं काय करायचं ते कळलेलं नाही.

दवाखान्यात मासे नव्हते. डॉक्टरीणबाई आईपेक्षा थोड्या लहान, केस विस्कटलेले, टेबलावर अर्धा प्यायलेला चहा. मी दोन भुवयांच्या मध्ये बघून, थोडं हसून, वाक्य म्हटलं. त्यांनी विचारलं, एक ते दहामध्ये किती? मी म्हटलं, तीन. त्यांनी पेन उचललं. मला वाटलं, संपलं. 'सौम्य' लिहिणार आणि मी घरी जाणार.

त्यांनी लिहिलं नाही. त्या आम्हा दोघींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "समोर दोन खुर्च्या आहेत. दोघींपैकी एकही बसत का नाही?"

आई म्हणाली, "मला सवय नाही." मी म्हटलं, "मला आवडत नाही." दोघी एकदमच बोललो.

"बरं, राहा उभ्या," त्या म्हणाल्या आणि स्वतःही उठून टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. "मला असं सांगा, काल दिवसभरात काय काय करता आलं नाही?"

या प्रश्नाचं वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं. त्यामुळे खरं उत्तर द्यावं लागलं. काल रिक्षा केली नाही, कारण खड्ड्यात गचका बसला की डोळ्यांपुढे काळं होतं. चालत गेले. दुपारी जेवले नाही, कारण पोट भरलं की आतून दाब येतो. भोंग्याने विनोद केला तेव्हा हसले नाही, कारण हसलं की ओढ बसते. शिवाय विनोदही बरा नव्हता. लघवीला जायचं पुढे ढकलत राहिले, कारण नंतर भिंतीला धरून उभं राहावं लागतं. गोदामात तीनदा जाऊन पडले. रोजच्यासारखाच दिवस होता.

"आणि हे तीन?" बाई म्हणाल्या. "मग तुमचं दहा म्हणजे काय?"

मी सांगितलं. जिवंत जळणं. नऊही सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, लोक इथे आठ सांगतात आणि मोबाइल बघत बसतात. तुमचं दहा कसलं लांब हो."

मी म्हटलं, "तुम्ही डॉक्टर लोकच कल्पना करता येईल तेवढं म्हणता." त्या म्हणाल्या, "हो. चूक आमचीच. कल्पना एवढ्या मनावर घेणारं कुणी भेटत नाही."

तपासताना त्यांनी डोक्यावरचा झगझगीत दिवा मी न सांगता बंद केला. हात लावायच्या आधी दर वेळी कुठे लावणार ते सांगितलं. एका जागी दाबलं आणि मी छताकडे बघत, अगदी साध्या आवाजात म्हटलं, "हे पाच." त्यांनी हात लगेच काढून घेतला. माझ्या पाचाला आजवर कुणी घाबरलं नव्हतं.

मग समजावून सांगितलं. रिपोर्ट छान असतो आणि दुखतंही, दोन्ही खरं असतं. पोटाच्या तळाशी जे स्नायू आहेत ते वर्षानुवर्षं आवळून धरलेत मी, आणि नसा इतक्या सावध झाल्यात की आता काही न होताही बोंब मारतात. व्यायाम आहेत, औषधं आहेत, आत नीट बघायला एक छोटं ऑपरेशन लागू शकतं. "पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही बसाल. आणि कामावर अशी खुर्ची मागा, जिच्यावरून मधूनमधून उठता येईल. चिठ्ठी मी देते."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी आनंदाने घरी आले असते. पण त्यांनी विचारलं, "या कुर्त्याचं लेबल तुम्ही कापलंय ना? लहानपणापासून? आवाज, उजेड, हेही जास्तच जाणवतं का? आणि बोलायची वाक्यं आधी ठरवून येता?" मी म्हटलं, सगळेच ठरवतात. त्या म्हणाल्या, "नाही हो. सगळे नाही ठरवत." मग ऑटिझम हा शब्द उच्चारला, अगदी सावकाश. म्हणाल्या, मी त्यातली डॉक्टर नाही, पण एका बाईंकडे पाठवते, वाटलं तर जा. अशा बायकांचं दुखणं चेहऱ्यावर दिसत नाही आणि म्हणून कुणी धरतही नाही.

पोट दाखवायला गेले आणि डोकंही तपासायला देऊन आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी काही बोलायच्या आत आई बोलली. तिचा आवाज चढला होता. "लेबलं काय, मीपण कापते. ताट माझंही ठरलेलं आहे. मग मलाही झालाय का काही रोग?"

बाई म्हणाल्या, "रोग नाही म्हणत मी." आई पर्स घट्ट धरून दाराकडे निघाली. आम्ही चालत घरी आलो. रिक्षा करू या, असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.

१ मार्च

आई बोलत नाही. सकाळपासून सगळे डबे काढून घासतेय, स्वच्छ डबेसुद्धा. मी म्हटलं, तुला नक्की राग कशाचा आलाय? म्हणाली, "मला कशाला राग येईल? तुझं काय ते तुला सापडलं, बरं झालं." आणि डबा आपटला. डबा आपटलेला आम्हा दोघींनाही सहन होत नाही. दोघींनी कान झाकले.

मला राग आलाय, तो मात्र मी लिहिते. तीन डॉक्टरांचा आलाय. वाक्यं घडवून घेणाऱ्या आईचा आलाय. इतकी वर्षं मी नीटनेटकी जाऊन, हसून, अचूक आकडा सांगून स्वतःलाच खोटं पाडत होते, त्याचा तर सगळ्यात जास्त आलाय. आणि बरंही वाटतंय. एकाच वेळी दोन्ही वाटतं हे मला माहीत नव्हतं.

५ मार्च

साहेबांना सांगितलं, प्रमुख व्हायला तयार आहे, पण उंच टेबल हवं आणि बैठकीत मी उभी राहीन किंवा मध्येच उठेन. दुखतं म्हणून. रागाने नाही. साहेब म्हणाले, "मग आधीच सांगायचं ना." ज्याचं जळतं त्याला कळतं हे ठीकच, पण बाकीच्यांना निदान वास तरी यावा. टेबल मिळालं.

गोदामात गेले तर भोंगा वाकून पुठ्ठा पसरत होता. मी म्हटलं, "हा तुम्ही टाकता?" तो म्हणाला, "मग काय उंदीर टाकतात? फरशी गार असते मॅडम. तुम्ही रोज घडी घालता, मी रोज पसरतो." असल्या प्रसंगाचं वाक्य माझ्याकडे नाही. आज घडी घातली नाही, एवढंच केलं.

१४ मार्च

व्यायाम म्हणजे आडवं पडून श्वास पोटाच्या तळापर्यंत न्यायचा आणि आवळलेलं सैल करायचं. इतकं सोपं असतं तर मी आजवर आवळून कशाला धरलं असतं? पण काल जेवणाच्या टेबलाशी बसले. पूर्ण जेवण होईपर्यंत. आईने बघितलं.

त्या दुसऱ्या बाईंची वेळ महिनाअखेरची मिळालीय. जाणार आहे. वाक्यं पाठ करणार नाही असं ठरवलंय, आणि 'मी वाक्यं पाठ केलेली नाहीत' हे वाक्य पाठ करतेय.

१६ मार्च, रविवार

भाऊ-भावजय जेवून गेले. आई मोरीजवळ फरशीवर पालथी पडली.

मी पुठ्ठा आणला. कामावरून येताना एक मागून घेतला होता, भोंग्याने न विचारता चांगला जाड बघून दिला. आईच्या शेजारी पसरला आणि म्हटलं, सरक. ती पुठ्ठ्यावर सरकली. मग मी फरशीवर तिच्या शेजारी पडले, तिच्याकडे तोंड करून. तिची पाळी जाऊन किती वर्षं झाली, आणि ती अजून दर रविवारी इथे पडते, आणि मी दर रविवारी तिला ओलांडून चहा करायला जाते. रंगातला किंचित पिवळा मला दिसतो.

मी विचारलं, "आई, किती दुखतंय?"

ती म्हणाली, "काय सांगू? मला कधी कुणी विचारलंच नाही."

मग तिनेच विचारलं, "कितीपर्यंत सांगायचं असतं?"

"दहापर्यंत. दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं."

आईने डोळे मिटले. कपाळाला आठी घालून ती अगदी प्रामाणिकपणे विचार करत होती. तिची कल्पनाशक्ती माझ्याहून चांगली आहे, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, ज्यावरून कुणालाच काही कळत नाही. मग डोळे उघडून म्हणाली, "दोन. फार तर अडीच. काही विशेष नाही."

मी उठले आणि त्या डॉक्टरीणबाईंकडे फोन लावला. फोनवरच्या मुलीने विचारलं, कुणासाठी? म्हटलं, आईसाठी. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यातली वेळ देऊ, की तातडीचं आहे?"

मी म्हटलं, "तातडीचं आहे. अडीच आहे."

ती म्हणाली, "अडीच म्हणजे काही फार नाही हो."

मी म्हटलं, "बाईंना सांगा, आमच्या घरातलं अडीच. त्यांना कळेल."